मांजरपाटाचा गाडा

जठारपेठ, अकोला
श्रावण, १९५७

प्रिय शालू,

तुझं कार्ड गुरुवारी मिळालं. पोस्टमननं ते हातात दिलं नाही. ओट्याच्या कोपऱ्यावर ठेवलं, उडू नये म्हणून वर एक खडा ठेवला, आणि कार्डाला हात जोडून सायकलीवर बसला. मेल्यानं वाचलं असणारच. कार्ड म्हणजे काय, साऱ्या पेठेची मालमत्ता. मी मागून ओरडले, का बाप्पा, आजपासून पोस्टाची पूजा करून राहिले काय तुमी? त्यानं वळूनसुद्धा पाहिलं नाही. मग तुझं अक्षर ओळखलं आणि तिथंच ओट्यावर बसले. 'ताप उतरला, चालाफिराले लागली' एवढं वाचलं आणि जी रडायला लागले ती शेजारच्या चतुराबाई शिलाईचं मशीन सोडून धावत आल्या. त्यांना वाटलं तुझं काही बरंवाईट झालं. वाईट नाही हो, बरंच झालं, म्हणत मी पुन्हा रडले. तू असतीस तर म्हणाली असतीस, भागे, तुह्या डोयाले तोटी बसवाले पायजे.

पुस्तकी भाषेत लिहितेय म्हणून हसू नकोस. पत्र लिहिताना वऱ्हाडी तोंड दाराबाहेर ठेवायचं असं चौथीच्या मास्तरांनी छडी मारून शिकवलं होतं. तू त्या वेळी वर्गाच्या बाहेर ओट्यावर बसायचीस, तुझ्यापर्यंत छडी पोहोचत नव्हती, म्हणून तू अजून बोलतेस तशीच लिहितेस. तुझी दहा वाक्यं वाचली की तू समोर उभी राहून रागावतेयस असं वाटतं. हे कार्ड मी इतक्या वेळा वाचलं की ह्यांनी शेवटी विचारलं, पाठ करून कीर्तन करतेस काय.

आधी वॉर्डाची खबर देते, कारण तुला आधी तीच हवी असणार. कापसाच्या गोदामातला आपला वॉर्ड आता तुला ओळखू येणार नाही. दारात तांब्याचा हंडा रटरटत असतो, त्यात रोज तोंडाच्या पट्ट्या उकळतात. नर्सबाया, आया, झाडू मारणारी सगळी माणसं, सगळ्यांच्या अंगात गळ्यापासून घोट्यापर्यंत मांजरपाटाचा झगा, मागून नाड्या बांधलेला. खुशालराव डॉक्टर तर त्यात लग्नातल्या घोड्यासारखे दिसतात, पण तोंडावर कोण सांगणार? चतुराबाईंनी मशीन चालवून चालवून पायाला गोळे आणले आणि एक पैसा घेतला नाही. झगे आल्यापासून वॉर्डातली एकही बाई आजारी पडलेली नाही. रोगीही कमी झाले. गोदामाच्या अर्ध्या भागात आता नुसता फिनेलचा वास आणि रिकाम्या खाटा आहेत. हे सगळं तू मागितलेल्या कापडाचं आहे, डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

तू माणिकचं विचारलंस. सांगते. तिचं शेवटी सांगते.

ज्येष्ठात तिला साथीचा ताप आला तेव्हाची मी तुला आठवते ना? गोदामाच्या दारात पोरीला खांद्यावर टाकून उभी होते आणि आतून तू आलीस. किती वर्षांनी भेटलो होतो आपण! अमरावतीला नर्सिंग शिकायला गेलीस ते कानावर होतं, पण एवढी मोठी झालीस, रुबाबदार झालीस, हे कुणी सांगितलं नव्हतं. तुझ्या तोंडावर पदर गुंडाळलेला होता. मी ओळखलं नाही, तूच म्हणालीस, भागे, पोट्टी मले दे. त्या पदरावर सगळ्या रोग्यांचा खोकला वाळलेला होता हे मला नंतर कळलं. तुम्हा साऱ्याजणींजवळ तेवढंच होतं. वॉर्डातल्या आया सुंदराबाई तर पदरसुद्धा बांधायच्या नाहीत, गुदमरतं म्हणायच्या. माणिकला त्यांनीच मांडीवर घेऊन पेज पाजली होती. आठवड्याच्या आत त्यांच्याच खाटेखाली त्यांच्या चपला राहिल्या आणि त्या गेल्या.

त्या दिवशी तू पहिल्यांदा मोठ्यानं बोललीस. डॉक्टरांनी वरती लिहिलं होतं, कापड पाठवा, पट्ट्या पाठवा. वरून उत्तर आलं होतं की मागणीचा विचार चालू आहे. कापसाचे व्यापारी, ज्यांच्या जिनात डोंगराएवढा कापूस पडतो, ते म्हणाले होते बघू. तू म्हणालीस, ज्या मुलखात जगाला पुरेल एवढा कापूस पिकतो तिथं सहा बायांच्या तोंडाला फडकं मिळू नये काय? मग आपणच मागू. आणि माझ्याकडे पाहिलंस. माझी पोर तुझ्या हातात होती, शालू. ताप उतरायचा, दोन दिवस मुलगी हसायची, पुन्हा चढायचा. तू मागितलं असतंस तर मी माझं घरही दिलं असतं. तू फक्त भाजीची हातगाडी मागितलीस.

जठारपेठेत काय झालं ते तुला माहीत आहे, पण लिहिते, कारण मला त्याचा राग अजून गिळवत नाही. ज्या घरांना मी रोज भाजी घालते, ज्यांच्या सुनांची बाळंतपणं मला पाठ आहेत, त्यांनी आपल्याला पाहून दारं लावली. आतून म्हणायचे, दवाखान्यातून आल्या ना? तिकडेच उभ्या राहा. कुणी खिडकीतून आणेली फेकली, ती नालीत गेली. एका बाईनं दिलं काय तर फाटका परकर. मी तिथंच तिला वाजवणार होते, तू माझा दंड धरलास. मग तूच म्हणालीस, शहर राहू दे, खेड्यावर जाऊ. खेड्यातली माणसं देतात.

माणिकला घरी ह्यांच्याजवळ ठेवून सकाळी आपण निघालो तेव्हा गाडी मी सजवली, तू नाही. माश्या बसू नयेत म्हणून मी चारी कोपऱ्यांना कडूनिंबाचे डहाळे बांधले. दवाखान्याची ओळख पटावी म्हणून पांढऱ्या फडक्यावर लाल फुली हवी होती, रंग नव्हता, म्हणून मी घरातला शेंदूर तेलात कालवून फुली काढली आणि ते फडकं काठीला लावलं. तू पांढरं लुगडं नेसलेली, तोंडाला पांढरी पट्टी, नुसते डोळे उघडे. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. आता कुणी ते चित्र पुढ्यात ठेवलं तर वऱ्हाडातलं शेंबडं पोरही सांगेल की हा कशाचा गाडा आहे.

पहिल्या गावाच्या शिवेवर कुत्रं भुंकलं नाही, हे मला आधी जाणवलं. पाऊस थांबलेला, काळ्या मातीत चाक रुतायचं ते रुतलं नाही, कारण वाटेवर कुणीतरी पऱ्हाट्या अंथरल्या होत्या. कपाशीच्या वाळक्या काड्या, घराघरात सरपण म्हणून रचून ठेवलेल्या, आणि हे ऐन पावसाळ्यात, जेव्हा चुलीत घालायला सुकी काडी मिळत नाही. त्यांच्यावरून गाडी कुरकुरत सहज निघाली. आपण म्हटलं, काय चांगली माणसं आहेत. गावात शिरलो तर ओट्यावर कुणी नाही. दारं उघडी, आत अंधार. मी माझी भाजीची आरोळी असते तशी आरोळी दिली, दवाखान्याकरता कापड द्या हो. मग एकेक बाई बाहेर आली. मान खाली. कुणी बोलेना. गाडीवर ठेवायची आणि मागे न पाहता घरात जायची. कोरं मांजरपाट, न फाडलेलं धोतराचं पान, हिरवा खण, हिरव्या बांगड्या, लिंबू, हळद लावलेली नाणी. आपण लिंबू पाहूनसुद्धा समजलो नाही. मी तर म्हटलं, बरं झालं, रस्त्यात सरबत होईल.

त्या गावचे म्हातारे नत्थुजी, तुझ्या बाबांना ओळखणारे, पुढं आले तेव्हा तुला कळलं. मला तुझ्या हातांवरून समजलं, गाडीच्या दांड्यावरचे तुझे हात पांढरे झाले. ते तुझ्या पायाशी वाकले आणि म्हणाले, काहून एवढा उशीर लावला व माय? पोट्टे तापानं फणफणून राहिले. तुह्या बापानं काम सोडलं तवापासून गाडा निंगालाच नाई. आमी म्हटलं, आता कोन नेते आमची बला शिवेपार. आली तू.

मरीमायचा गाडा. मला लहानपणचं आठवलं. साथ आली की गावकरी देवीचा गाडा भरायचे, खणनारळ, लुगडं, लिंबं, आणि तुझे बाबा मोतीराम तो ओढत गावाच्या शिवेपार नेऊन सोडायचे. त्या गावानं तो पुढच्या शिवेला न्यायचा, त्यानं त्याच्या पुढच्या. गाडा जात असताना आम्हा पोरींना घरात डोळे मिटून बसवायचे. ओढणाऱ्याचं नाव घ्यायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, आणि गेलेला गाडा परत येऊ द्यायचा नाही, कारण जे गेलं ते त्याच्यावर बसून परत येतं. मी एकदा बोटांच्या फटीतून पाहिलं होतं. बाबांच्या मागे तू चालत होतीस, एका हातात कडूनिंब. दुसऱ्या दिवशी शाळेत तुला विचारलं तर तू माझ्याशी बोलली नाहीस. मग मागच्या दसऱ्याला बाबा नागपूरहून दीक्षा घेऊन आले, घरातले देव नदीत सोडले, आणि गावाला तोंडावर सांगितलं, तुमची बला तुमीच न्या. माघात ते गेले तेव्हा, तूच सांगितलंस, तिरडीला खांदा द्यायला गावातून कुणी आलं नाही.

म्हणून तू त्या दिवशी गाडी उलटी करायला निघालीस. म्हणालीस, भागे, हे कापड मले नाई पायजे. माह्या बापानं जे पान्यात सोडलं थे मी गाडीवर घालून आनू काय? मी म्हटलं, कापड कापडच असतं, उकळलं की झालं. तू म्हणालीस, तुह्यासाठी असते. आपण भर रस्त्यात भांडलो, दोघी तोंडाला पट्ट्या बांधून. मी सुंदराबाईंचं नाव घेतलं. माझ्याजवळ दुसरं नाव नव्हतं. शेवटी तू गाडीवर चढलीस आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलंस, मी नर्स हाय. मरीमाय नाई अन् तिची कोनी नाई. हे कापड दवाखान्याच्या बायांच्या अंगावर जाईन, ताप त्याहिले लागू नये म्हून. हे समजून ज्याले द्याचं त्यानं द्या, नाई तं उचलून न्या.

कुणी उचललं नाही. हो माय, असं सगळे म्हणाले, आणि घरात जाऊन अजून घेऊन आले.

दुसऱ्या गावात तू शिवेवरच उभी राहून तेच सांगितलंस. तिसऱ्यातही. तू जितकी समजावायचीस तितके त्यांचे हात घट्ट जुळायचे. मला तर हसू यायला लागलं होतं, खरं सांगते. शिक्षण देऊन राहिली आमची शालू आणि हे नवस फेडून राहिले. गाडी इतकी भरली की दोरानं बांधावी लागली. मी मनातल्या मनात झगे मोजत होते. मग उन्हं कलली आणि आपण घरचा रस्ता धरायला वळलो, तेव्हा मी हसायची थांबले. मागच्या वाटेवर पऱ्हाट्या नव्हत्या. आपण पुढं गेलो तशी त्यांनी मागून एकेक काडी उचलून नेली होती. उरलेला नुसता काळा चिखल, गुडघाभर. आणि चिखलापलीकडे गावातली माणसं ओळीनं उभी होती. काठ्या नव्हत्या त्यांच्या हातात, काही नव्हतं. मी शिव्या दिल्या, हात जोडले, माझी पोर आजारी आहे म्हणाले. एक बाई रडत होती, पण जागची हलली नाही. पुढची वाट मात्र कोरडी, पऱ्हाट्यांची, सरळ. पुढच्या गावातले लोक शिवेवर वाट पाहत उभे होते, आणि त्यांना निरोप द्यायला आपल्या पुढं कुणी गेलेलं मी पाहिलं नव्हतं.

ती रात्र आपण त्या गावच्या चावडीत काढली. सकाळी तुझं अंग तापलं होतं. तू म्हणालीस काही नाही, पण तुला उभं राहवत नव्हतं. मी तुला गाडीवर मांजरपाटाच्या गठ्ठ्यांवर निजवलं, वरून कोरं कापड घातलं, कारण दुसरं पांघरूण नव्हतं. आणि मी दांडा धरायला वळले तर दांडा दुसऱ्यांनी धरला होता. तेव्हापासून त्यांनी मला गाडीला हात लावू दिला नाही. ढकलून दिलं असंही नाही, नुसते मध्ये येत राहिले. एक म्हातारी तुझ्या तापल्या हातात हिरव्या बांगड्या भरत होती, इतक्या हलक्या हातानं की मी माझ्या माणिकलाही कधी भरल्या नसतील. तुझे डोळे उघडे होते. तुझ्या डोळ्यांपुढून कुणी सरकलं की ते मान खाली घालायचे. तू नाही म्हणायला तोंड उघडलंस, पट्टीतून नुसता श्वास आला.

मोठ्या सडकेला लागलो तेव्हा तू मला खूण केलीस. मी कान तुझ्या तोंडाशी नेला. तू म्हणालीस, कापड घे अन् जा. वार्डात बाया उघड्या तोंडानं उभ्या हायेत. डाक्टरची जीप घेऊन ये. मी म्हटलं, तुला टाकून नाही जाणार. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, भागे, मी नर्स हाय, मले सांगू नको. मी लोकांना म्हटलं, हे गठ्ठे मला हवेत. मला वाटलं मारामारी होईल. त्यांनी आपल्या हातांनी गठ्ठे उतरवले, अकोल्याची मोटार थांबवली, टपावर चढवून बांधलेसुद्धा. तुझ्या अंगाखाली एक गठ्ठा ठेवला आणि एक तुझ्या उशाला. कुणीतरी मला म्हणालं, जा माय, मांगं पाहू नको, तुही पोट्टी बरी झाली असन. मी त्यांच्यापैकी कुणालाच माणिकचं काही सांगितलं नव्हतं. आजारी पोर आहे एवढंच ओरडले होते, आणि तेही आदल्या दिवशी, मागच्या गावाच्या शिवेवर.

घरी पोहोचले तर माणिक चुलीपुढं बसून भाकर खात होती. ह्यांनी सांगितलं, सकाळी घाम फुटला आणि उठून बसली. मी तिला मिठी मारली नाही, शालू. मी दारातच उभी राहिले. माझी पावलं आत पडेनात. मग धावत गोदामात गेले, कापड टाकलं, डॉक्टरांना जीप काढायला लावली. आम्ही तीन दिवस फिरलो. प्रत्येक गावात एकच उत्तर, गाडा गेला. कुठं गेला? पुढं गेला. मूर्तिजापूरच्या बाजारात पोलिसांना सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं आणि त्यांच्यातला एक जण डोळे चोरून म्हणाला, बाई, गेल्या गाड्याच्या मागं जात नसतात. डॉक्टर त्याच्यावर असे ओरडले की विचारू नकोस. पण चौथ्या दिवशी वॉर्डात रोगी होते आणि पेट्रोल नव्हतं. त्यानंतर तुझं कार्ड येईपर्यंत मी कशी जगले ते मी कुणाला सांगितलेलं नाही.

तू लिहिलंस ते आता मला तोंडपाठ आहे. की तुला वाट आठवत नाही, नुसता पऱ्हाट्यांचा आवाज आठवतो. की कुणीतरी प्रत्येक गावात ताक पाजायचं. की वर्धेच्या पाण्यात गाडी घातली तेव्हा गार पाण्यानं तू जागी झालीस, पट्टी सोडलीस, आणि म्हणालीस, माही मावशी पार्बताबाई कौंडण्यपुरासमोर नदीपार राहते, मले तिच्या घरी न्या. आणि काठावरचे सगळे तुझं नाव ऐकायच्या आत पळाले, गाडी तशीच पाण्यात सोडून, आणि तू एकटीच नावेनं पलीकडे मावशीच्या दारी पोहोचलीस. भली मोठी गाडी होती माझी, तिचं चाक नवं होतं, पण त्याचं काही नाही. पार्बतामावशीला माझा नमस्कार, नाही, जय भीम सांग. तिच्या हाताचं खाऊन तू बरी झालीस.

इकडे लोक काय बोलतात ते ऐकशील तर तुझ्या तोंडून शिव्या बाहेर पडतील. म्हणतात, गाडा गेला आणि साथ गेली. ज्या ज्या गावातून तुला नेलं तिथं पोरं उठून बसली म्हणतात. डॉक्टर म्हणतात, हा ताप असाच असतो, लाट येते, लाट ओसरते, मुंबईला ओसरली, नागपूरला ओसरली, तिथं कुणी गाडा ओढला होता? मीही हेच सांगत फिरले. भाजी घ्यायला आलेल्या बायांना सांगितलं, ती माणूस आहे, तिला ताप आला होता, तिला औषध मिळायला हवं होतं, तुम्ही तिला चिखलातून फिरवलंत. नत्थुजी मागच्या बाजाराला इथं आले होते, ओट्यापाशी उभे राहून विचारत होते, माय परत तं नाई येऊन राहिली ना? मी त्यांच्या अंगावर वांग्याची पाटी फेकली. खरंच फेकली. ह्यांनी वांगी गोळा केली. म्हातारा हात जोडून गेला. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला होता, शालू. मला वाटलं, मी तुझी मैत्रीण शोभते.

आता माणिकचं. तू कार्डाच्या शेवटी लिहिलंस, सोमवारच्या मोटारीनं निघते, वार्डात हजर होते. हे मी गुरुवारी दुपारी वाचलं. मोठ्यानं वाचलं, माणिक जवळ होती, टाळ्या वाजवत म्हणाली शालूमावशी येणार. दिवेलागणीला तिनं जेवण नको म्हटलं. मी कपाळाला हात लावला. काल पुन्हा लावला. आज डॉक्टरांनी झगा घालून, पट्टी बांधून तिला पाहिलं, आणि म्हणाले, उलटतो कधी कधी, घाबरू नका, शालूबाई आल्या की त्यांच्या हाती सोपवू. मला सगळं समजतं. तू मला जे शिकवलंस ते सगळं समजतं. रोग माणसातून माणसात जातो, गाड्यावर बसत नाही. तुह्या बापाचं काम तुह्या गळ्यात घालनारी मी कोन? माह्या तोंडानं हे निंगू नये. पन रात्रभर पोट्टी माह्या मांडीवर तापून राहिली आन मले एकच दिसते, तू मोटारीतून उतरून इकडं चालत येऊन राहिली, आन तुह्या मांगं कोनीतरी पऱ्हाट्या उचलून राहिलं. वर्धेपलीकडं दवाखाने हायेत, तिथंबी नर्सबाया लागतात, डाक्टर चिठ्ठी देतीन. हे पत्र मोटारवाल्याच्या हाती देऊन राहिली, म्हंजे सोमवारच्या आंधी तुले मियालं पायजे. शालू, तुह्या पाया पडते, नदी ओलांडू नको. येऊ नको.

तुझीच,
भागीरथा